गाडी का थांबली आहे?

(अच्छाड येथे गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गुरुजी आम्हाला गणित शिकवायचे ते हायवेवरच्या ट्रकांवरून. अच्छाडच्या नाक्यावर इतके ट्रक उभे, मिनिटाला इतके सुटतात, तर शेवटच्या ट्रकवाल्याचा नंबर किती वाजता लागेल? जीएसटी येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा रांग लागली की क्लीनर स्टोव्ह पेटवून भात शिजवून घ्यायचे. आम्ही उत्तर काढायचो, गुरुजी बरोबर-चूक करायचे. एकदा वर्गातल्या एका पोराने विचारलं, "पण गुरुजी, गाडी थांबलीय कशाला?" गुरुजी क्षणभर थबकले आणि म्हणाले, "ते गणितात धरलेलं नाही."

ते पोरगं आज मागच्या भिंतीला टेकून उभं आहे. हसतंय, बघा.

मला विषय दिलाय अणुवीज प्रकल्पाचा. तो बांधायला लागणारा उशीर आणि त्याच्या सुरक्षिततेबद्दलची धास्ती, असं पत्रात लिहिलंय. मी अणुशास्त्रज्ञ नाही आणि तारापूरच्या कुंपणाच्या आत मी एक दिवसही काम केलेलं नाही. एकतीस वर्षं उंबरगावच्या बाजूला एका कारखान्यात वेल्डिंग तपासायचं काम केलं, एवढीच माझी पात्रता. बॉयलरचे ड्रम, जाड पाइप, प्रेशर व्हेसल. वेल्डर जोड मारणार, आम्ही तो जोड पास करायचा की रिजेक्ट ते ठरवणार. रात्रपाळीत बाकीच्यांना बाहेर काढायचं, दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, जोडाच्या एका बाजूला इरिडियमचा सोर्स आणि दुसऱ्या बाजूला फिल्म. म्हणजे किरणोत्सर्गाशी माझी ओळख तारापूरवाल्यांइतकी मोठी नसली तरी अगदीच वर्तमानपत्री नाही. छातीवर बॅज लावून फिरलोय. तो बॅज तपासणीला जायचा आणि वर्षाअखेर माझ्या अंगावर किती पडलं त्याचा आकडा कागदावर यायचा. तो आकडा मला दाखवायचे, माझी सही घ्यायचे.

सकाळी फिल्म धुऊन आली की ती व्ह्यूअरच्या उजेडावर धरायची. जोड म्हणजे फिकट पट्टा. त्यात बारीक काळे ठिपके दिसले तर पोरॉसिटी, म्हणजे हवेचे फुगे राहिलेत. लांबट डाग असेल तर स्लॅग अडकलाय. आणि केसाएवढी काळी रेघ दिसली, तर चहा बाजूला ठेवायचा. ती क्रॅक. ती रेघ दिसली की त्या दिवशी तो जोड पुढे जात नाही. जोड पुढे गेला नाही की व्हेसल पुढे जात नाही, ट्रक गेटवर उभा राहतो आणि मॅनेजर वरून खाली येतो.

म्हणून पेपरात "प्रकल्प रखडला" असं वाचलं की मला पहिल्यांदा ते पोरगंच आठवतं. थांबलाय कशाला? रेघ दिसली म्हणून थांबला असेल तर त्याला मी उशीर म्हणत नाही, ते कामच आहे. पण रेघ दिसून कोणी बोललं नाही, किंवा ज्याचं घर जोडाच्या पलीकडे आहे त्याला काही सांगायचंच नव्हतं, म्हणून दिवस गेले असतील, तर तो उशीर. रस्त्यावरून दोन्ही गाड्या सारख्याच उभ्या दिसतात.

आता तारापूर. इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. १९६४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला, आणि २८ ऑक्टोबर १९६९ ला पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. या देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. होमी भाभांनी ते आणलं, पण चालू झालेलं पाहायला ते नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये आल्प्समध्ये विमान पडलं त्यात ते गेले. प्रत्येकी २१० मेगावॉटच्या या भट्ट्या पुढे १६० वर उतरवल्या गेल्या. १९७४ ला पोखरणला अणुचाचणी झाली, त्यानंतर अमेरिकेने इंधन देताना हात आखडला. मग फ्रान्स, मग चीन, मग रशिया असं दारोदार फिरून युरेनियम आणावं लागलं. जपानमधल्या फुकुशिमाची पहिली भट्टी १९७१ ची, म्हणजे आपल्या या दोन भट्ट्या तिच्याहूनही म्हाताऱ्या.

आणि या म्हातारीचं दुखणं मी ओळखतो, कारण ते जोडाजवळचंच दुखणं आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. पण वेल्डिंग करताना जोडाच्या कडेची पट्टी तापते, आणि ठरावीक तापमानात जास्त वेळ राहिली की पोलादातला कार्बन क्रोमियमला ओढून घेतो. कुठे? पोलादाच्या कणांच्या कडांवर. आपल्या भातखाचरांसारखं डोळ्यासमोर आणा. प्रत्येक कण म्हणजे एक खाचर आणि दोन कणांमधली कड म्हणजे बांध. खाचर धडधाकट आहे, पण बांधातली माती वाहून गेलीय. वरून दिसत काही नाही. त्या पाइपातून वर्षानुवर्षं उकळतं पाणी दाबाने फिरतं, पाण्यात थोडा ऑक्सिजन असतो, आणि एक दिवस भेग बांधाबांधाने चालत जाते. उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या भट्ट्यांना जगभर हा रोग लागला, तारापूरलाही लागला. २०२० पासून या दोन्ही भट्ट्या दीर्घकाळ बंद ठेवाव्या लागल्या, त्यात पाणी फिरवणारे मुख्य पाइप बदलण्याचं काम मोठं. पन्नास वर्षांची भट्टी उघडून आतले किरणोत्सर्गी पाइप कापायचे आणि नवे जोड मारायचे, हे काम मनात आणलं तरी माझ्या पाठीला घाम येतो. या थांबण्याला मी नावं ठेवणार नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण चहाच्या टपरीवर नेहमी चुकीची सांगितली जाते. लोक म्हणतात, भट्टी बंद केली की धोका संपला. तुमच्यापैकी निम्मी घरं पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात. भट्टीचा विस्तव विझला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी उघड्या हाताने वीट काढतो का? अणुभट्टीचंही तसंच, फक्त जास्त हट्टी. साखळी प्रक्रिया थांबली त्या क्षणीसुद्धा आधीच्या उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता आत तयार होतच राहते. दिवसभराने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, पण लाखो किलोवॉटचा अर्धा टक्काही थोडा नसतो. तिथे पाणी फिरत ठेवावंच लागतं. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज, आणि बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या शिस्तीत बंद पडल्या. मग समुद्र आला आणि जनरेटर बुडाले. पुढचं सगळं त्या बुडालेल्या जनरेटरांमुळे. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांना २००५-०६ च्या सुमाराला नवे, मोठे जनरेटर बसवले होते, तेही दोन्ही भट्ट्यांना स्वतंत्र. त्या कामासाठीही भट्ट्या थांबल्याच होत्या. पण ते सांगायला आपल्याकडे कोण फिरकलं?

आता आपल्या दारातली गोष्ट. नोव्हेंबर २०१८. धुंदलवाडीपासून तलासरीपर्यंत जमीन हलायला लागली. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळे त्यातून गेला आहात. आधी खालून सुरुंग लावल्यासारखा आवाज, मग धक्का. आमच्या घरी मांडणीवरची भांडी किणकिणली की आवाज यायच्या आत मांजर बाहेर पळायचं. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात धक्क्यांवर धक्के बसले, त्यातला मोठा चारच्या वरचा, आणि बाहेर धावताना दोन वर्षांची एक मुलगी गेली. भूकंपाने नाही, पळताना पडून. त्या थंडीत आपण अंगणात गोधड्या टाकून झोपलो. तंबू आले, शाळा उघड्यावर भरल्या. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली जुनी घरं डुलून पुन्हा उभी राहिली, आणि आपण हौसेने बांधलेल्या विटांच्या भिंतींना तडे गेले. माझ्या घराचा तडा अजून आहे. त्यावर कॅलेंडर लावलंय.

तेव्हा अंगणात रात्री शेजारची मावशी विचारायची, "यानं तारापूरला काय होईल रे? तू पाइपातला माणूस ना?" मी तिला काहीतरी गोल-गोल उत्तर दिलं. खरं उत्तर असं होतं: धुंदलवाडीपासून तारापूर तीस-पस्तीस किलोमीटर, आणि चारच्या आसपासचा उथळ धक्का तेवढ्या अंतरावर जाईपर्यंत विरून जातो, काळ्या पाषाणावर बांधलेल्या अणुकेंद्राचा हिशेब त्यापेक्षा खूप मोठ्या भूकंपासाठी केलेला असतो. हैदराबादच्या भूभौतिक संस्थेने यंत्रं बसवली, आणि हे छोट्या धक्क्यांचं झुंडीने येणं आहे, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. हे मला कळलं कुठून? इंग्रजीतून, मोबाइलवर, माझ्या मुलीने वाचून दाखवलं. आमच्या पाड्यावर मराठीत किंवा वारलीत कोणी येऊन बोललं नाही. मग लोकांनी स्वतःच कारणं शोधली. कोणी धरणाला बोल लावला, कोणी बुलेट ट्रेनच्या सर्वेक्षणाला, कोणी तारापूरलाच. रिकाम्या जागेत पाणी शिरतं तशी अफवा शिरते. मावशी अजून मानते की जमीन तारापूरनेच हलवली. तिला मी दोष देत नाही. फिल्म तिला दाखवलीच नाही, तर ती पास-रिजेक्ट कशावरून करणार?

अणुकेंद्राभोवती सोळा किलोमीटरचं वर्तुळ आणीबाणीच्या तयारीसाठी धरतात. चिंचणी-बोईसर त्यात येतं, डहाणू गाव त्याच्या काठावर, आपण बरेच बाहेर. तिथे मधूनमधून सराव होतो, भोंगे वाजतात. पण वारा वर्तुळ पाहून वाहत नाही. आणि काही घडलंच तर त्या वर्तुळातली माणसं निघून येतील कुठे? हायवेने, इकडेच. आपल्याला निदान तेवढं माहीत असायला हवं.

तारापूरला आणखी दोन भट्ट्या बांधल्या, तीन आणि चार नंबरच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, पूर्ण आपल्या आराखड्यावर. त्यांची कहाणी ऐकून चकित व्हाल. मार्च २००० मध्ये पहिलं काँक्रीट पडलं आणि मार्च २००५ मध्ये चार नंबरची भट्टी पेटली. पाच वर्षं! ठरल्या वेळेच्या आधी. आमच्या धंद्यात लोक त्या कामाचं नाव आदराने घेतात, मीही घेतो. त्याच कुंपणासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. मच्छिमारांची, शेतीवाडीची गावं. त्यांच्या पुनर्वसनाचं काय? घरं, नोकऱ्या, होड्या लावायची जागा हा सगळा झगडा मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. भट्टी वेळेआधी, माणसं वेळेनंतर. तोच प्रकल्प, तेच कॅलेंडर. आता म्हणा बरं, तारापूरला उशीर झाला की नाही झाला?

एक तक्रार मात्र मी मान्य करत नाही, ती ऐकून ऐकून माझे कान किटलेत. "तारापूर शेजारी आणि आमच्या घरात अंधार." वीज गावाला वाटून उरलेली पुढे जात नाही, ती ग्रिडमध्ये जाते. आपल्या पाड्यावरचा दिवा जातो तो खांब वाकल्याने, डीपी जळल्याने. त्याचा राग अणूवर काढू नका, त्यासाठी दुसरं ऑफिस आहे. आणि आपल्या भागात अणुभट्टी एकटी नाही. डहाणूत किनाऱ्यावर ५०० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प १९९५ पासून आहे. डहाणूला १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने त्या प्रकल्पाच्या धुराड्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मग आता वाढवणचं बंदर होऊ घातलंय, तेही तारापूरच्या शेजारी. आणि बोईसरच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांचे स्फोट होतात, माणसं मरतात, आठवडाभर बातमी चालते. खरं सांगायचं तर त्या कारखान्यांची भीती मला अणुभट्टीपेक्षा जास्त वाटते. तिथे माझ्यासारखा फिल्म बघणारा माणूस ठेवायलाही कोणी बांधील नाही, असं वाटण्यासारखी परिस्थिती आहे.

आता खाली रत्नागिरीकडे जाऊ. जैतापूर. माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. जगातलं सर्वात मोठं अणुकेंद्र होणार, असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०१० मध्ये जयराम रमेश यांच्या पर्यावरण खात्याने पस्तीस अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली. डिसेंबरात फ्रान्सच्या कंपनीशी करार झाला. तीन महिन्यांनी फुकुशिमा. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छिमार गेला. जमिनीचा भाव आंदोलनानंतर २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवला. त्यानंतर कंपनी बदलली, बोलणी झाली, पुन्हा बोलणी झाली, २०२१ मध्ये फ्रान्सच्या ईडीएफने नवा प्रस्ताव दिला. माडबनच्या सड्यावर अजून भट्टीचं काँक्रीट पडलेलं नाही.

हा उशीर कशाचा? आंदोलनाचा, असं म्हणायची पद्धत आहे. मी जरा फ्रान्सकडे बघतो, कारण जैतापूरला जी भट्टी येणार तीच त्यांनी स्वतःच्या देशात फ्लामानव्हिलला बांधायला घेतली. डिसेंबर २००७ ला सुरुवात, २०१२ ला संपायची होती. तिथे माडबनसारखं कोणी जमीन अडवून बसलं नव्हतं. ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, बारा वर्षं उशिरा. खर्च ३३० कोटी युरोवरून १,३२० कोटी युरोवर गेला. फिनलंडला ओल्किलुओतोमध्ये २००५ ला सुरू झालेली तशीच भट्टी २००९ ऐवजी २०२३ ला नियमित वीज देऊ लागली.

आणि फ्लामानव्हिलचा उशीर कशात होता? जोडात! २०१५ मध्ये कळलं की भट्टीच्या भांड्याच्या झाकणातल्या आणि तळातल्या पोलादात कार्बन हवा त्यापेक्षा जास्त आहे. मग वाफेच्या मुख्य पाइपांचे जोड. हे पाइप फुटणारच नाहीत इतके उत्तम असतील, असं कंपनीने स्वतःच कबूल केलं होतं, आणि जोड त्या कसोटीला उतरले नाहीत. त्यांतले आठ जोड तर भट्टीच्या दुहेरी भिंतीच्या मधल्या पोकळीत, जिथे माणसाचा हात पोहोचत नाही. कंपनीचं म्हणणं होतं, आधी चालू करू, मग दुरुस्त करू. २०१९ मध्ये तिथल्या नियामकाने सांगितलं, आधी दुरुस्त करा. यंत्रमानव घालून जोड कापले, नव्याने मारले. वर्षं गेली. ही बातमी वाचली तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत ती फोरमनला मोठ्याने वाचून दाखवली होती. तो म्हणाला, "म्हणजे तिकडेही मॅनेजर खाली येतोच." येतो, पण तिथला तपासणारा माणूस मॅनेजरचा नोकर नव्हता, आणि त्याने काय लिहिलं ते तिथली कोणीही शाळामास्तरीण वाचू शकत होती.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ ला झालं, पण ते कायद्याने नाही, सरकारी आदेशाने. काम चोख करणारी माणसं तिथे होती आणि आहेत. १९९४ मध्ये कारवारजवळ कैगाला भट्टीच्या घुमटाचं काँक्रीट बांधकाम चालू असताना कोसळलं, तेव्हा सगळं थांबवून आराखडाच तपासला गेला आणि कैगा २००० साली सुरू झालं. त्या उशिराला माझा सलाम. ११ मार्च २०१६ ला, फुकुशिमाच्या बरोबर पाचव्या वर्षी, गुजरातेत काकरापारला एका भट्टीत जड पाणी गळलं आणि केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. इथून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. तुमच्यापैकी कितीजणांनी त्या वेळी ऐकलं होतं? हात वर करा. दोन. त्यातला एक तर तिकडेच ऊस तोडायला गेलेला.

२०१० च्या दायित्व कायद्यात अपघात झाला तर केंद्र चालवणाऱ्याने द्यायची मर्यादा दीड हजार कोटी होती, आणि सदोष माल देणाऱ्या पुरवठादारालाही पकडायची सोय होती. परदेशी कंपन्यांना हेच कलम बोचत होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, खासगी कंपन्यांना दार उघडलं, नियामकाला कायद्याचा आधार दिला. दुसरी गोष्ट मला आवडली. पहिलीबद्दल, आणि त्या बोचणाऱ्या कलमाबद्दल, मी एवढंच म्हणेन की ज्याने जोड मारला त्याचं नाव जोडावर ठोकलेलं असतं. प्रत्येक वेल्डरचा पंच असतो, लोखंडावर उमटवतात, वीस वर्षांनीसुद्धा वाचता येतो. जोडावरचा पंच घासून टाका असं कोणी सांगायला लागला, तर मी त्याच्या कारखान्यात उभा राहणार नाही.

गुरुजींना मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं. मी त्यांना एका मिस्त्रीची गोष्ट सांगितली होती, तीच सांगून थांबतो. त्यांना ती आवडली होती.

मी नवा होतो. उत्तर प्रदेशाकडचा एक म्हातारा वेल्डर, हात असा की लोक बघायला उभे राहायचे. त्याचा जोड मी रिजेक्ट केला. सगळ्या शॉपमध्ये बातमी. मॅनेजर खाली आला, ट्रक गेटवर होता. मिस्त्री माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं भांडणार. तो म्हणाला, "फिल्म दिखाओ." पद्धत अशी की फिल्म वेल्डरला दाखवत नाहीत, रिपोर्ट देतात. मी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर काही बोलला नाही. मी व्ह्यूअर लावला. मिस्त्रीने चष्मा कपाळावर सरकवला, फिल्म स्वतःच्या हाताने उजेडावर धरली, तिरपी केली, सरळ केली. बराच वेळ. ती रेघ रूटमध्ये, म्हणजे जोडाच्या तळाशी होती, पाव इंच. त्याने नखाने फिल्मवर तिच्या शेजारी खूण केली, फिल्म मला परत दिली आणि शॉपमध्ये जाऊन ग्राइंडर उचलला. ट्रक त्या रात्री गेटवरच राहिला. ड्रायव्हरला काय झालंय ते मिस्त्रीनेच जाऊन सांगितलं.